पेम्बर्लीतला खून आणि एलिझाबेथचं मौन

जेन ऑस्टेनची ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ १८१३ची. लग्न झालं, कादंबरी संपली. पी. डी. जेम्स यांनी २०११ मध्ये, नव्वदी ओलांडल्यावर, ‘डेथ कम्स टू पेम्बर्ली’त तोच संसार सहा वर्षांनी पुढे नेला. रानात कॅप्टन डेनीचं प्रेत, जवळ नशेतला विकहॅम. खुनी कोण, ते सांगत नाही. पण तपासाची वाट नोकराच्या घरापर्यंत जाते. वाणगावच्या चिकूवाड्यांत मालकाचा बंगला आणि मजुराचं खोपटं यांतलं अंतर तुम्ही रोज बघता. ऑस्टेनबाईंनी ते खोपटं दाखवलं नव्हतं. जेम्सबाईंची ही कमाई. तिची किंमत मात्र एलिझाबेथनं मोजली. डार्सीला तोंडावर सुनावणारी ती इथं बहुतेक ऐकतच राहते. रहस्य सुटतं खरं; पण ज्या वादातून ते प्रेम उभं राहिलं, तो वादच पुस्तकातून गेला.