सावडीचा चित्रपट

आमच्या वाशीमकडे दोघांनी मिळून शेत करावयाचे तर त्याच्या दोन रीती आहेत. एक बटई: वावर एकाचे, राबणे दुसऱ्याचे, आणि माल खळ्यावर आला की वाटणी. दुसरी सावड: एक बैल तुझा, एक माझा, आज तुझे रान, उद्या माझे. चित्रपटातल्या भागीदारीविषयी बोलताना हा भेद आपण क्वचितच करतो. पैसेवाला दुष्ट आणि कलावंत सच्चा, अशी एक सोयीची वाटणी करून मोकळे होतो. थोड्या पैशांत, चारचौघांच्या भांडवलावर चित्रपट काढणाऱ्याचा सच्चेपणा टिकतो कशावर, हा प्रश्न त्यामुळे तसाच राहतो.

दादासाहेब फाळक्यांचेच पाहा. 1913 चा 'राजा हरिश्चंद्र' त्यांनी विम्याची पॉलिसी गहाण टाकून आणि सरस्वतीबाईंच्या कष्टांवर उभा केला. तेथे भागीदार असा कोणी नव्हताच; होते ते घर. पुढे 1918 साली नाशकात हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी निघाली. भांडवल इतरांचे, कला फाळक्यांची. ही सरळ सरळ बटई झाली. खर्च आणि काम यांवरून खटके उडाले, फाळके बाहेर पडून काशीस गेले आणि तेथे त्यांनी 'रंगभूमी' नाटक लिहिले. काही वर्षांनी ते त्याच कंपनीत परतले. या हकिगतीत भागीदारांना खलनायक करण्याचा मोह आपल्याला होतो, पण तो मला पटत नाही. ज्याचे पैसे गुंतले तो हिशेब मागणारच. त्याच्या मागण्यात लबाडीपेक्षा भीतीच अधिक असते. दोष माणसांत नसून रीतीत होता. एकाच वावराकडे दोघे दोन पिकांच्या आशेने पाहत होते.

1929 साली कोल्हापुरात पाच जणांनी काढलेली 'प्रभात' ही मात्र सावडीच्या जवळची. दामले, फत्तेलाल, शांताराम, धायबर हे हातांनी काम करणारे. भांडवलाचा भार सीतारामपंत कुलकर्ण्यांवर. या सावडीचे पीक कोणते, तर 1936 चा 'संत तुकाराम'. त्यातली गौरीबाईंची जिजाई आठवावी. पोर आजारी पडते आणि ही बाई पायताण हाती घेऊन थेट देवापुढे उभी राहते! संतपटाला येणारा प्रेक्षक हात जोडायला येतो, हे त्या मंडळींना ठाऊक नव्हते काय? तरीही तो प्रसंग चित्रपटात राहिला, आणि जिजाईच्या त्या संतापामुळेच तुकारामांची भक्ती खरी वाटते. अर्थात सावडही बैलांची चाल जुळेपर्यंतच. आधी धायबर गेले, 1942 साली शांताराम गेले, आणि पुढे प्रभातही राहिली नाही.

हे सर्व आठवण्याचे कारण 'श्वास'. संदीप सावंतांचा हा पहिलाच चित्रपट. अरुण नलावडे आणि इतर काही स्नेही मिळून निर्माते झाले. आजोबाची भूमिकाही नलावड्यांचीच. 2004 साली त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे राष्ट्रीय पारितोषिक मिळाले. मराठीला हा मान 'श्यामची आई'नंतर, म्हणजे जवळजवळ पन्नास वर्षांनी मिळत होता.

गोष्ट एवढीशी. कोकणातल्या परशुरामच्या डोळ्यांत कर्करोग आहे. जीव वाचवावयाचा तर दृष्टी जाणार. डॉक्टरांचा आग्रह असा की, हे मुलाला आधी सांगितले पाहिजे. सांगावयाचे आजोबाने. शस्त्रक्रियेआधी आजोबा त्याला गुपचूप रुग्णालयाबाहेर नेतो आणि जग दाखवून आणतो.

अशा कथेत पैसेवाल्याचा हात कोठे थरथरेल, ते कोणीही सांगावे. एखादा परदेशी सर्जन, एखादा नवस, निदान एक डोळा तरी! भागीदारांपैकी एकाने जरी "लोकांना हे सोसेल का?" असे जोर धरून विचारले असते तरी ही गोष्ट तेथेच वाकली असती. ती वाकली नाही. मुलगा काळा चष्मा लावून होडीतून गावी परततो, एवढेच. तेथे ना गाणे आहे, ना चमत्कार. आजोबाला मुलापाशी जे बोलावयाचे आहे तेच चित्रपटाला प्रेक्षकापाशी बोलावयाचे आहे, आणि दोघेही ते टाळीत नाहीत. 'श्वास'चा सच्चेपणा मला येथे दिसतो. कमी खर्चात नव्हे. कमी खर्चात खोटे चित्रपट पुष्कळ निघतात.

पण सावडीचा म्हणून एक दोषही असतो, तो असा की बैल थांबवणारा कोणी उरत नाही. मुलगा आणि आजोबा नाहीसे झाल्यावर रुग्णालयात जो गलबला होतो, वार्ताहर येतात, तो भाग लांबला आहे. समाजसेविका आसावरी भली आहे. पण आजोबाचा चेहरा जे बोलून चुकला ते ती पुन्हा समजावून सांगते. शाळामास्तराची ही खोड मी चांगली ओळखतो. एखाद्या परक्या, हिशेबी भागीदाराने येथे कात्री लावली असती तर ती उपकारकच ठरती.

खरी कसोटी पुढे आली. भारतातर्फे 'श्वास' ऑस्करला निघाला. अमेरिकेत तो लोकांपुढे ठेवावयाचा तर पैसा हवा, आणि तो लोकवर्गणीने उभा करण्याची वेळ आली. मूठभर स्नेह्यांच्या सावडीत आता सारा महाराष्ट्र भागीदार झाला. देणाऱ्यांच्या मनाविषयी मला शंका नाही. पण देणाऱ्याला पीक कोणते हवे होते? नामांकन मिळाले नाही तेव्हा हळहळ झाली ती क्रिकेटचा सामना हरल्यासारखी. मराठी माणूस तेथवर गेला, याचीच चर्चा पुष्कळ दिवस पुरली. आजोबाने त्या पोराला बाहेर नेले ते योग्य की अयोग्य, यावर मात्र त्या वर्षी आमच्याकडे मी एकही वाद ऐकला नाही.