सिम्युलेटरमध्ये नसलेला बिघाड

भोईवाड्यापासून तारापूर शंभरएक किलोमीटर. 1969पासून तिथं अणुवीज होतेय. अणुभट्टीचे ऑपरेटर सिम्युलेटरवर शिकतात म्हटलं की आपण निर्धास्त होतो. आमचा आक्षेप या निर्धास्तपणाला आहे.

28 मार्च 1979. अमेरिकेतलं थ्री माइल आयलंड. एक झडप उघडीच अडकली. पॅनेलवरचा दिवा मात्र विझला. तो फक्त बंद होण्याचा हुकूम गेल्याचं सांगायचा, झडप मिटल्याचं नाही! भट्टीतलं पाणी चाललेलं, पण प्रेशरायझरमधली पातळी चढतेय. तो काठोकाठ भरू द्यायचा नाही, हे तर प्रशिक्षणात पक्कं घोटवलेलं. त्यांनी आपत्कालीन पाणीच कमी केलं. गाभ्याचा जवळपास निम्मा भाग वितळला.

ऑपरेटर चुकले म्हणणं सोपं आहे. त्यांच्या सिम्युलेटरमध्ये हा बिघाड नव्हताच. तेव्हा सरावाचे तास मोजण्याआधी आपण विचारू या: बिघाडांची यादी कोण करतं, आणि शेवटची कधी बदलली?