वर्णन आणि उलट पाहण्याचा अधिकार

कथात्म साहित्यातील आशियाई पात्रांच्या सन्मानपूर्वक चित्रणाचा प्रश्न पाश्चात्त्य समीक्षेत प्रामुख्याने युरोपीय लेखक आणि त्याने रेखाटलेला पौर्वात्य माणूस यांच्या संबंधातून उपस्थित झाला. एडवर्ड सैद यांच्या 'ओरिएंटॅलिझम' (1978) या ग्रंथाने अशा चित्रणामागील ज्ञान आणि सत्ता यांचे नाते उघड केले. मराठीत ही मांडणी वापरताना एक सोयीचे गृहीतक मात्र सहज शिरते. वर्णन करणारा तो पश्चिमेकडचा आणि वर्णिले जाणारे ते आपण, असे हे गृहीतक होय. वस्तुतः मराठी निवेदकही पाहणारा असतो, आणि त्याच्या दृष्टीलाही जात, वर्ग, लिंग व प्रदेश असतात.

'गव्हाळ' हा शब्द या दृष्टीने तपासण्यासारखा आहे. त्वचेच्या रंगासाठी अन्नपदार्थांच्या उपमा टाळाव्यात, असा संकेत इंग्रजी लेखनव्यवहारात अलीकडे रूढ झाला आहे. मराठीत केवळ उपमेला दोष देऊन भागत नाही. छत्रपती संभाजीनगरहून पैठणकडे जाताना लागणाऱ्या बिडकीनसारख्या गावात रोजची भाकरी ज्वारी-बाजरीची आणि गव्हाची पोळी सणावाराची, अशीच दीर्घकाळ रीत होती. तेथील शेतकरी स्त्रीला कथेचा निवेदक 'गव्हाळ, नाकीडोळी नीटस' म्हणतो, तेव्हा तो तिचा अपमान करीत नाही. परंतु ज्या प्रतवारीत गोरेपण वर आणि काळेपण खाली असते, त्या वधूपरीक्षेच्या तराजूत तो तिला नकळत बसवितो. दोष गव्हात नाही, प्रतवारीत आहे.

वर्णन हा देहाचा गुणधर्म नसून तो पाहणारा आणि पाहिला जाणारा यांच्यातील संबंध आहे, याचा निर्णायक पुरावा बाबुराव बागूल यांच्या 'जेव्हा मी जात चोरली होती' (1963) या संग्रहाच्या शीर्षककथेत मिळतो. जात कळण्यापूर्वी या कथेतील नायकाला आदर मिळतो, कळल्यानंतर मार मिळतो. दरम्यान त्याच्या चेहऱ्यात काहीही बदललेले नसते. बदलतात ते पाहणाऱ्यांचे डोळे. 'दलित दिसणारे पात्र' ही कल्पनाच या कथेने निरर्थक ठरविली आहे. 'मुसलमान दिसणारे पात्र' रंगविण्यासाठी दाढी, अत्तर आणि मोडकी हिंदी यांचा ठरावीक संच वापरणाऱ्या कथनालाही हाच निकष लावावा लागेल. मराठवाड्यातील मुस्लिम शेतकरी शेजाऱ्याशी गावच्याच मराठीत बोलतो, याची नोंद त्या संचात होत नाही.

प्रमाण भाषेत निवेदन आणि बोलीत संवाद ही ग्रामीण कथेची परिचित विभागणी याच विषमतेचे भाषिक रूप आहे. तीत पात्र बोलते, पण त्याच्याविषयी बोलण्याचा हक्क निवेदकाकडे राहतो. रा. रं. बोराडे यांच्या 'पाचोळा' (1971) या कादंबरीत शिंप्याच्या घरातील पार्वती बोलीतूनच सारे निवेदन करते. येथे बोली ही पात्राची ओळखखूण राहत नाही. ती जगाचा अर्थ लावण्याचे साधन होते. जिचे एरवी वर्णन झाले असते, तीच वर्णन करू लागते.

यावर एक आक्षेप संभवतो. सन्मानाचा आग्रह धरल्यास कथेतील द्वेष, उपहास आणि शिवीगाळ यांचे काय? त्यांच्यावाचून वास्तव गुळमुळीत होईल, ही शंका रास्त आहे. तिचे उत्तर बिडकीनच्याच पैठण तालुक्यात, सोळाव्या शतकात सापडते. एकनाथांच्या 'हिंदू-तुर्क संवादा'त दोघेही एकमेकांच्या आचारांवर आणि श्रद्धांवर बोचरी टीका करतात. शब्द मवाळ नाहीत. तरीही शेवट समेटाचा आहे, आणि तो कृत्रिम वाटत नाही, कारण जितके हिंदूने तुर्काला पाहिले, तितकेच तुर्कानेही हिंदूला पाहिले आहे. सन्मान सौम्य विशेषणांवर अवलंबून नसतो. उलट पाहण्याचा अधिकार पात्राला आहे की नाही, यावर तो ठरतो. पूर्वग्रह पात्राचा असू शकतो. तो निवेदनाचे मौन गृहीतक होता कामा नये.

हा निकष आता केवळ गतकाळापुरता उरलेला नाही. बिडकीनची शेतजमीन 'ऑरिक' या औद्योगिक वसाहतीत गेली आहे. याच वसाहतीच्या शेंद्रा भागात कोरियन ह्योसंग कंपनीचा कारखाना आहे, आणि टोयोटा किर्लोस्करने छत्रपती संभाजीनगर येथील प्रकल्पासाठी जुलै 2024 मध्ये राज्य शासनाशी सामंजस्य करार केला. कोरियन वा जपानी अभियंता मराठी कादंबरीत येण्याची परिस्थिती अशा रीतीने तयार झाली आहे. त्याच्यासाठी 'मिचमिचे डोळे' आणि 'पिवळी कांती' हे शब्द आयते उपलब्ध आहेत. विलास सारंग यांनी 'एन्कीच्या राज्यात' (1983) मध्ये मराठी माणसालाच इराकमध्ये परका म्हणून उभे केले होते. त्या अनुभवाचे स्मरण येथे उपयोगी पडावे. जमीन दिलेला बिडकीनचा शेतकरी त्या अभियंत्याला कसा दिसतो, त्याच्या भाकरीविषयी, घराविषयी, मोबदल्याच्या पैशाविषयी त्या परक्याच्या मनात काय येते, हे लिहिण्याची तयारी ज्या कादंबरीत असेल, तिला त्याच्या डोळ्यांचा आकार सांगण्याची गरज क्वचितच भासेल. ते डोळे काय पाहतात, हे तिला सांगता आलेले असेल.