मुलांचा इतिहास, चित्रफितींतले सण

मुलांना इतिहास आणि सण शिकविणाऱ्या चित्रफितींचे व छोट्या लेखांचे पीक अलीकडे उदंड आले आहे. २०२० साली टाळेबंदीने धर्मशिक्षणाचे वर्ग मोबाइलच्या पडद्यावर नेऊन बसविले आणि तेव्हापासून या साहित्याला आपल्या घरांत एक प्रकारची मान्यताच मिळाली. नाताळ जवळ आला की आई मुलाला पाच मिनिटांची चित्रफीत लावून देते. वसईच्या किल्ल्यावर शाळेसाठी प्रकल्प करावयाचा असला की वडील दोन पानांचा लेख शोधून छापून आणतात. यात गैर काही नाही. पूर्वी हे काम आजी करीत असे आणि आजीच्या गोष्टींतही चुका असत. परंतु आजीला मध्येच थांबवून विचारता येत असे. पुस्तकांवर अभिप्राय लिहिणारे आपले लेखक मुलांच्या चित्रफितींकडे खेळणे म्हणून पाहतात आणि त्यांचे परीक्षण करण्याचे कोणाच्या मनात येत नाही. आम्हांस ते खेळणे वाटत नाही, म्हणून हा लेखनप्रपंच.

गुणांचे आधी सांगावयास हवे. नाझरेथहून बेथलेहेमपर्यंतची वाट किती लांबची, हे शिक्षकाने फळ्यावर रेघ ओढून सांगितले तर मुलाला कळत नाही. हलता नकाशा ते अर्ध्या मिनिटात दाखवितो. किल्ल्याचे पडके बुरूज, पलीकडची खाडी आणि मधले ताड आकाशातून टिपलेले पाहिले की वसईचा किल्ला याच जागी का बांधला, हे वेगळे सांगावे लागत नाही. चित्रे देखणी असतात, आवाज स्वच्छ असतो. आमची तक्रार आहे ती या स्वच्छ आवाजाच्या खात्रीबद्दल.

प्रभूजन्माची गोष्ट घ्या. आम्ही पाहिलेल्या बहुतेक चित्रफितींत तीन राजे उंटांवरून येतात आणि गव्हाणीशेजारी बैल व गाढव उभे असतात. मत्तयच्या शुभवर्तमानात पूर्वेकडून आलेल्या मागी लोकांची संख्या दिलेली नाही आणि ते राजे होते असेही म्हटलेले नाही. भेटी तीन, म्हणून माणसे तीन, असा परंपरेने हिशेब केला. बैल आणि गाढव लूकच्या कथेत नाहीत. ते यशयाच्या पहिल्या अध्यायातून गोठ्यात आले, आणि १२२३ साली संत फ्रान्सिसने ग्रेच्चो येथे गव्हाण मांडली तेव्हा खरेखुरे बैल-गाढव आणून उभे केले. हे सारे सुंदर आहे. आमच्या घरच्या गोठ्यातही तीन राजे असतात आणि ते काढून टाकावेत असे आम्ही मुळीच म्हणत नाही. हरकत एवढीच, की शुभवर्तमानातील वचन, परंपरेने घातलेली भर आणि चित्रकाराची हौस ही तिन्ही एकाच आवाजात, एकाच ठामपणे मुलाच्या कानावर पडतात. पंधराव्या-सोळाव्या वर्षी हा मुलगा स्वतः मत्तय वाचतो. तिथे त्याला तीन हा आकडा सापडत नाही आणि आपल्याला फसविले गेले असे त्याला वाटते. मग त्या आकड्याबरोबर त्याच्या मनातून आणखीही बरेच काही निघून जाते. ‘मत्तय एवढेच सांगतो, पुढचे लोकांनी प्रेमाने जोडले’, हे एक वाक्य आठ वर्षांच्या मुलाला खचित कळते.

बर्फाचेही तसेच. बेथलेहेमला हिवाळ्यात कधीमधी बर्फ पडतो हे खरे; पण चित्रफितींत भुरभुरणारे बर्फ युरोपातल्या शुभेच्छापत्रांवरून उचललेले आहे. आमच्या मुलांना ते ओळखीचे वाटू लागले आहे आणि आपल्या वाडीतला थंड, कोरडा, चांदण्यांचा डिसेंबर मात्र सणाचा वाटेनासा झाला आहे. मराठी चित्रफितींतून ‘नाताळ’ हा शब्दही मागे पडत असून ‘ख्रिसमस’ पुढे येत आहे. नाताळ हा शब्द पोर्तुगीज ‘नाताल’वरून आला. इतका इतिहास एका शब्दात बांधून आपल्या हाती आला असताना त्याची गाठ कोणी सोडून दाखवू नये, याचे नवल वाटते. सांताक्लॉजविषयी फार लिहीत नाही. मायरा नगरीचे बिशप संत निकोलस चौथ्या शतकातले, आजच्या तुर्कस्तानातले, एवढे बऱ्याच लेखांत बरोबर असते. पण लाल झग्याचा सांता एका शीतपेयाच्या कंपनीने निर्माण केला, हे सर्वत्र आढळणारे वाक्य चुकीचे आहे. त्या कंपनीच्या प्रसिद्ध जाहिराती १९३१ पासूनच्या. त्यापूर्वीच अमेरिकन चित्रांतून सांताचा लाल वेष रूढ झाला होता.

खरी अडचण येते ती वसईच्या इतिहासापाशी. येथे दोन प्रकारचे साहित्य मुलांच्या हाती पडते. पहिल्या प्रकारात १५३४ साली पोर्तुगीज येतात, जुलूम करतात, देवळे पाडतात, लोकांना बाटवितात. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पा किल्ला जिंकतात आणि प्रजा मुक्त होते. तुतारी वाजते, भगवा फडकतो, चित्रफीत संपते. दुसरा प्रकार आपल्याकडचा. त्यात मिशनरी येतात, शाळा काढतात, चर्चे उभारतात, संत जन्माला येतात. पुढे एक दुर्दैवी युद्ध होते आणि चर्चे ओस पडतात. देवळे पाडल्याचा उल्लेख नाही. १५६० साली गोव्यात स्थापन झालेल्या इन्क्विझिशनचा अंमल वसईपर्यंत होता, याचाही नाही.

वर्गात बसलेल्या आपल्या मुलाला या दोहोंपैकी एकातही जागा नाही. पहिली चित्रफीत पाहताना तो मान खाली घालतो. दुसरी पाहिल्यावर त्याची मान ताठ होते खरी, पण शेजारच्या मित्राने एक प्रश्न विचारताच ती पुन्हा खाली जाते, कारण उत्तर त्याला कोणी दिलेलेच नसते. दोन्हींत राज्यकर्ते आहेत, सेनापती आहेत, धर्मगुरू आहेत. शेतात राबणारा कुपारी, वाडवळ वा होडीवरचा कोळी नाही. दोनशे पाच वर्षांची सत्ता संपल्यावर पोर्तुगीज गेले, गोरे धर्मगुरूही गेले. हे लोक मात्र राहिले. शरणागतीच्या अटींत मागे राहणाऱ्यांना आपला धर्म पाळण्याची मुभा होती आणि एतद्देशीय धर्मगुरूंनी ही मंडळी सांभाळली. राजाश्रय गेल्यावरही ज्यांनी श्रद्धा सोडली नाही आणि मराठी बोलीही सोडली नाही, त्यांची ही गोष्ट आहे. आमच्या मते मुलांना सांगण्याजोगी मुख्य गोष्ट हीच. ती सांगावयाची तर आधीच्या जबरदस्तीचेही सांगावे लागेल. ते सांगण्यास आम्हांस संकोच वाटत नाही आणि मुलांनाही वाटू नये.

या इतिहासाला हात लावून पाहता येईल अशा वस्तूही आहेत. विजयानंतर वसईच्या चर्चमधल्या घंटा महाराष्ट्रातल्या देवळांत गेल्या. नाशिकच्या नारोशंकर मंदिरातील घंटा त्यांपैकी एक मानली जाते. तिच्यावर १७२१ हे साल कोरलेले आहे. ही घंटा पडद्यावर दाखवून निवेदक नुसता गप्प राहिला तरी चालेल. ती कोणी ओतविली, कोणी उतरविली, आज कोण वाजवितो, हे मुले आपणहून विचारतील.

संत गोन्सालो गार्सिया यांच्यावरील साहित्याबद्दल अपेक्षा अधिक होती, म्हणून निराशाही अधिक. बापाकडून पोर्तुगीज आणि आईकडून इथला, असा हा वसईचा मुलगा. जेझुइटांच्या हाताखाली शिकला, जपानला गेला, तिथली भाषा शिकला, पुढे व्यापारात पडला, मनिलात फ्रान्सिस्कन संघात साधा बंधू झाला आणि १५९३ साली दुभाषा म्हणून हिदेयोशीच्या दरबारात उभा राहिला. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या टेकडीवर पंचवीस सोबत्यांसह त्याला क्रूसावर मरण आले. १८६२ साली संतपद मिळाले. आमच्या पाहण्यातील चित्रफिती या आयुष्याची सुरुवात एका मिनिटात उरकतात आणि उरलेला वेळ क्रूस, भाला व करुण संगीत यांना देतात. हुतात्म्याचे मरण मोठे आहेच; पण दहा वर्षांच्या मुलाचे कुतूहल अडकते ते दुसरीकडे. वसईचा पोरगा जपानी कशी शिकला? व्यापारात जम बसलेला असताना ते सोडून भिक्षेकरी का झाला? दुभाषाच्या मुखातून दोन सत्ता बोलत असताना त्याच्या मनात काय चालले असेल? रक्तसाक्षी मोठा का, हे या प्रश्नांतून जाणाऱ्या मुलाला अधिक कळेल. केवळ भाला पाहणाऱ्याला भीती तेवढी वाटेल.

लेखांविषयी थोडक्यात. बहुतेक लेख एकमेकांची नक्कल असतात, इतकी की एका लेखातील चुकीचे साल पुढच्या पाचांत सापडते. शेवटी प्रश्नावली असते: साल कोणते, सेनापती कोण, सण कोणत्या महिन्यात. हे कशावरून, असा प्रश्न एकाही प्रश्नावलीत आम्हांस दिसला नाही. फादर स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली छापले गेले, त्यात श्रोते मध्येच शंका काढतात आणि पाद्री गुरू थांबून उत्तर देतात. चारशे वर्षांपूर्वीच्या नवख्रिस्ती श्रोत्यांना जी मोकळीक होती, ती आजच्या मुलांना नसावी ही लाजिरवाणी गोष्ट आहे. चित्रफितीला उत्तर देता येत नाही हे मान्य. पण ती मध्ये थांबविता येते. धर्मशिक्षणाच्या शिक्षकांनी ती दोन-तीन ठिकाणी थांबवावी, एवढे आजही शक्य आहे.

आणि नवी चित्रफीत करू पाहणाऱ्या आपल्या तरुण मंडळींना एक विषय सुचवितो. मुंबई-साष्टीकडच्या ईस्ट इंडियन गावांत ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी आगेरा होतो. नव्या भाताच्या लोंब्या वाजतगाजत चर्चमध्ये आणतात आणि धर्मगुरू त्यांना आशीर्वाद देतात. कित्येक गावांत आता शेते उरलेली नाहीत. लोंब्या बाहेरून आणाव्या लागतात. त्या कोठून आणतात, कोण आणतो आणि शेत गेल्यावरही सण का राहिला, हे एखाद्या म्हाताऱ्या माणसाला अंगणात बसवून विचारावे आणि त्याचे उत्तर, तो अडखळला तर अडखळण्यासकट, तसेच ठेवावे.