इयत्ता, दर्जा आणि मेयार : धार-देवासच्या निमित्ताने शासकीय माध्यमिक शाळेचे मूल्यमापन

शाळेच्या गुणवत्तेविषयी बोलताना आपण जे शब्द वापरतो, त्यांची तपासणी सहसा होत नाही. ‘इयत्ता’ हा मूळचा संस्कृत शब्द. त्याचा अर्थ ‘एवढेपणा’, म्हणजे परिमाण. ‘दर्जा’ अरबीतून फारसी-उर्दूमार्गे मराठीत आला. त्याचा मूळ अर्थ पायरी, म्हणूनच जुन्या उर्दूत आठवीच्या वर्गाला ‘दर्जा हश्तुम’ म्हणत. मराठीने मात्र त्याच शब्दाला गुणवत्तेचा अर्थ दिला. उर्दूत गुणवत्तेसाठी जो शब्द रूढ आहे तो ‘मेयार’. त्याचे नाते सोन्या-चांदीचा कस पाहण्याशी आहे. मूल कितव्या पायरीवर उभे आहे हे सांगणे ही एक गोष्ट आणि त्या पायरीवरचे मूल कसाला किती उतरते हे सांगणे ही दुसरी. शासकीय शाळांचे मूल्यमापन करणारी आपली बहुतेक साधने पहिलेच काम करतात आणि त्याला दुसऱ्याचे नाव देतात, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. हे मत नुसत्या शब्दचर्चेवर उभे राहणार नाही. त्यासाठी मध्य प्रदेशातील एका प्रत्यक्ष प्रयोगाकडे जावे लागेल.

प्रथम एक खुलासा आवश्यक आहे. महाराष्ट्रात ‘माध्यमिक’ म्हटले की आठवी ते दहावी डोळ्यांसमोर येते. मध्य प्रदेशात ‘माध्यमिक शाला’ म्हणजे सहावी ते आठवी. प्राथमिक आणि हायस्कूल यांच्यामधला हा तीन वर्षांचा टप्पा. या लेखात तोच अर्थ अभिप्रेत आहे.

धार आणि देवास ही नावे मराठी वाचकाला परकी नाहीत. दोन्ही पवारांची संस्थाने. देवासात तर थोरली आणि धाकटी अशा दोन पात्या एकाच गावात नांदत होत्या. १९४८ मध्ये ही संस्थाने मध्य भारतात आणि १९५६ मध्ये आजच्या मध्य प्रदेशात आली. राजवाड्यांच्या आठवणी मराठीत पुष्कळ लिहिल्या गेल्या; तेथील सरकारी शाळांविषयी मात्र फारसे कोणी लिहिले नाही. आज दोन्ही जिल्ह्यांचे स्वरूप मिश्र आहे. देवासला नोटांचा छापखाना आणि कारखाने आहेत, तर धार जिल्ह्यात पीथमपूरची मोठी औद्योगिक वसाहत आहे. त्याच देवास जिल्ह्यात बागलीचा आदिवासी पट्टा आहे आणि धारमध्ये अर्ध्याहून अधिक लोकसंख्या भिल्ल, भिलाला आदी जमातींची आहे. २०११ च्या जनगणनेत देवासची साक्षरता सुमारे ६९ टक्के, तर धारची ६० टक्क्यांच्या आसपास होती. शहरातली कारखान्याजवळची शाळा आणि कुक्षी-गंधवानीकडची शाळा एकाच फुटपट्टीने मोजायची, ही अडचण येथे इतरांपेक्षा लवकर जाणवते.

या जिल्ह्यांत ‘एकलव्य’ या संस्थेने जे काम केले, त्याचा उगम होशंगाबाद (२०२२ पासून नर्मदापुरम्) जिल्ह्यात झाला. १९७२ मध्ये किशोर भारती आणि रसूलियाचे फ्रेंड्स रूरल सेंटर या दोन स्वयंसेवी संस्थांनी शासनाच्या परवानगीने १६ माध्यमिक शाळांत विज्ञान शिकवण्याची नवी पद्धत सुरू केली. हाच होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम. १९७८ मध्ये तो जिल्ह्यातील सर्व माध्यमिक शाळांत गेला. १९८२ मध्ये एकलव्यची स्थापना झाली आणि त्या दशकात देवास, धार, उज्जैन अशा माळव्यातील जिल्ह्यांतल्या निवडक शाळांमध्ये कार्यक्रमाने पाय रोवले. शाळा सरकारी होत्या, शिक्षक सरकारी होते, मुले गावातली होती. खास निवडलेली मुले, खास बांधलेली इमारत असे काहीही नव्हते. शासकीय शाळेच्या गुणवत्तेची चर्चा करताना हा प्रयोग म्हणूनच उपयोगी पडतो.

वर्गात चार-चार मुलांच्या टोळ्या बसत. ‘बाल वैज्ञानिक’ या पुस्तकात प्रयोग आणि प्रश्न असत, तयार उत्तरे क्वचित असत. मुले पाने गोळा करून त्यांचे गट पाडत, बिया रुजवत, नाणी उडवून संभाव्यता समजून घेत आणि जे दिसले ते आपापल्या वहीत आपल्या शब्दांत लिहीत. मुलांना पडलेले प्रश्न ‘सवालीराम’ या नावाने पत्राने पाठवता येत आणि त्यांना उत्तरे मिळत. शिक्षकांचे दीर्घ प्रशिक्षण होई, दरमहा बैठक भरे आणि शाळेत जाऊन पाठपुरावा केला जाई.

या सर्वांविषयी बरेच लिहिले गेले आहे. माझ्या दृष्टीने अधिक महत्त्वाची आहे ती परीक्षा. आठवीच्या परीक्षेत या कार्यक्रमातील मुलांना पुस्तक आणि वही सोबत ठेवण्याची मुभा होती. शिवाय प्रात्यक्षिकाची स्वतंत्र परीक्षा होती. पुस्तक समोर असल्यावर ‘व्याख्या लिहा’ हा प्रश्न निरर्थक ठरतो. मग प्रश्नपत्रिका काढणाऱ्यालाच विचार करावा लागतो. रुजलेल्या बियांची काही निरीक्षणे देऊन त्यांवरून काय म्हणता येते आणि काय म्हणता येत नाही, असे विचारावे लागते. प्रश्नपत्रिका शिक्षकांच्या कार्यशाळेत तयार होत आणि उत्तरे तपासण्याचे निकषही चर्चेने ठरत. ज्या परीक्षेला आपण एरवी शिक्षकावरचा पहारा मानतो, ती येथे शिक्षकाच्याच हातात होती. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने २०१४ मध्ये नववी व अकरावीसाठी खुल्या पाठ्यांशावर आधारित परीक्षा आणली, काही वर्षांत ती मागे घेतली आणि २०२५ मध्ये नववीसाठी खुल्या पुस्तकाच्या परीक्षेला पुन्हा मान्यता दिली. खेड्यातली आठवीची मुले अशी परीक्षा कित्येक दशके आधी देत होती, याची आठवण त्या वेळच्या चर्चेत फार थोड्यांना झाली.

२००२ मध्ये शासनाने हा कार्यक्रम बंद केला. तोवर तो सुमारे ८०० शाळांपर्यंत पोहोचला होता. राज्यात सर्वत्र एकच अभ्यासक्रम असावा, हा शासनाचा युक्तिवाद होता. स्थानिक विरोधकांचा मुख्य आक्षेप वेगळा होता. ही मुले पुढे नववी-दहावीत मागे पडतात, असे त्यांचे म्हणणे होते. येथे दर्जा आणि मेयार यांची गल्लत स्पष्ट दिसते. मूल निरीक्षण करू शकते का, पुराव्यावरून अनुमान काढते का, हे न विचारता पुढच्या पायरीवर त्याचे काय होते, एवढेच विचारले गेले. माध्यमिक शाळेला स्वतःचे प्रयोजनच नाही. ती हायस्कूलची ओसरी आहे, असे त्यामागचे गृहीत होते.

तथापि पालकांची भीती मूर्खपणाची होती, असे म्हणणे अन्यायाचे होईल. नववीत गेल्यावर पुस्तक बंद, प्रयोग बंद आणि पुन्हा पाठांतर, ही वस्तुस्थिती त्यांना दिसत होती. ज्याच्या घरात पहिलेच मूल हायस्कूलची पायरी चढणार, त्याने ‘शिकण्याची पद्धत’ या कारणासाठी धोका का पत्करावा? सुस्थित घरातील मूल नापास झाले तर त्याला दुसरा मार्ग मिळतो, मजुराच्या मुलाला मिळत नाही. कार्यक्रमाच्या समर्थकांनी या प्रश्नाला पुरेसे उत्तर दिले नाही, असे मला वाटते. सुशील जोशी यांनी या प्रयोगाचा इतिहास ‘जश्न-ए-तालीम’ या नावाने लिहिला. एकलव्यनेच तो २००८ मध्ये प्रसिद्ध केला. उर्दूच्या अध्यापकाला हे नाव आवडणारच. पुस्तक तपशिलाने भरलेले आहे आणि प्रामाणिक आहे. परंतु ते आतल्या माणसाचे पुस्तक आहे. जश्नात सामील असलेला माणूस हिशेब मांडतो तेव्हा त्याच्या जमाखर्चात आनंदाची बाजू जड होणे स्वाभाविक आहे. गुणवत्तेची नवी कल्पना मांडणाऱ्यावर दुहेरी जबाबदारी येते. जुन्या मापाने काय झाले हेही त्याने दाखवावे आणि नवे माप का हवे हेही पटवून द्यावे, तेही गावच्या चावडीवर, गावच्या भाषेत. परिसंवादात ते पटवणे सोपे असते.

आणखी एक मर्यादा होती. विज्ञान हा एक विषय. घंटा वाजली की तेच मूल दुसऱ्या तासाला जुन्याच रीतीने उत्तरे घोकू लागे. एकलव्यने १९८६ पासून सामाजिक अध्ययनाची पुस्तकेही मोजक्या शाळांत वापरून पाहिली, पण त्यांचा विस्तार कधीच विज्ञानाएवढा झाला नाही.

भाषेचा मुद्दा मला याहून अधिक गंभीर वाटतो. ‘आपल्या शब्दांत लिहा’ ही सूचना फार मोलाची आहे, पण ‘आपले शब्द’ कोणते? देवासच्या मुलाच्या घरी माळवी असते, धारच्या दक्षिण भागात निमाडी, भिली किंवा भिलाली. पुस्तक हिंदीत, उत्तर हिंदीत. बी रुजताना पाहिलेले मूल जे पाहिले ते घरच्या बोलीत नेमके सांगू शकेल आणि तरीही हिंदी वाक्यात अडखळेल. त्या अडखळण्याचे गुण विज्ञानातून वजा करायचे का? महाराष्ट्रात उर्दू माध्यमाच्या मुलांना मराठी शिकवणाऱ्यांना हा प्रश्न रोजचा आहे. मुलाला विषय येत नाही की भाषा येत नाही, हे वेगळे न करणारी कोणतीही परीक्षा शाळेविषयी काही सांगते, यावर माझा विश्वास नाही. प्रात्यक्षिकात हा अन्याय कमी होतो, कारण तेथे हात बोलतात.

२००२ नंतर मापे वाढली. २००५ पासून ‘प्रथम’चा ‘असर’ अहवाल येऊ लागला. नाव मोठे समर्पक आहे. परंतु ही पाहणी ग्रामीण भागात घरोघरी होते आणि दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता येतो का, भागाकार येतो का, एवढे तपासते. तिने देशाला लाज आणली, हे तिचे मोठे काम. तरी आठवीतल्या मुलाला दुसरीचा उतारा वाचता आला, म्हणून आठवीची शाळा चांगली ठरत नाही. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. सहावी ते आठवीला ३५ मुलांमागे एक शिक्षक, विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्रे आणि भाषा यांना किमान एकेक शिक्षक, वर्षाला २२० दिवस व १००० तास अध्यापन, अशी मोजमापे त्याने घातली. ती आवश्यकच होती. ज्या शाळेत विज्ञानाचा शिक्षकच नाही, तेथे मेयारची चर्चा करणे ही थट्टा आहे. पण नळ बसवला म्हणजे पाणी आले असे नव्हे. २०१७ च्या राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षणात तिसरी, पाचवी आणि आठवीच्या मुलांनी पर्यायी उत्तरांच्या चौकटी भरल्या. चारांतून एक निवडणाऱ्या मुलाने कसा विचार केला, हे त्या कागदावर कोठेच उमटत नाही. जिल्ह्यांची क्रमवारी मात्र त्यातून लगेच लावता येते.

आता आपल्या समाजाकडे वळू. सच्चर समितीने २००६ मध्ये नोंदवले की ६ ते १४ वयोगटातील सुमारे २५ टक्के मुस्लिम मुले कधी शाळेत गेलीच नाहीत किंवा मधूनच बाहेर पडली. मदरशांत शिकणाऱ्यांचे प्रमाण जेमतेम तीन टक्के होते, हेही तिनेच दाखवले. म्हणजे आपली बहुसंख्य मुले सरकारी वा अनुदानित शाळांच्याच भरवशावर आहेत. त्यांपैकी अनेकांची, विशेषतः मुलींची, आठवी ही शेवटची इयत्ता ठरते. धारच्या आदिवासी पाड्यावरील मुलीची कथा वेगळी नाही. जी मुलगी आठवीनंतर शाळेत दिसणारच नाही, तिच्या शाळेचा दर्जा दहावीच्या निकालावरून ठरवणे म्हणजे तिला हिशेबातूनच वगळणे. निकाल जे पुढे गेले त्यांचा असतो. जी थांबली, तिला औषधाच्या बाटलीवरचा मजकूर समजतो का, वजनकाट्यातली लबाडी ओळखता येते का, अर्ज लिहिता येतो का, ऐकलेल्या गोष्टीला ‘कशावरून?’ असे विचारता येते का, हे तपासणारा रकाना कोणत्याच तक्त्यात नाही.

आपल्या शिक्षण संस्थांचे वार्षिक अहवाल वाचताना हे प्रकर्षाने जाणवते. दहावीची टक्केवारी ठळक अक्षरांत, नव्या इमारतीचे छायाचित्र, संगणक किती ते. ‘प्रयोगशाळा : आहे’ अशी नोंद असते, सातवीच्या मुलांनी शेवटचा प्रयोग स्वतःच्या हाताने कधी केला, याची नसते. शाळा पाहायला जाणाऱ्या पदाधिकाऱ्यांनी स्वागताचा हार घेण्यापूर्वी सातवीच्या दहा वह्या मागवाव्यात. दहाही वह्यांत तेच वाक्य, तीच शुद्धलेखनाची चूक आणि त्याच जागी तीच लाल खूण असेल, तर ते फळ्यावरून उतरवलेले आहे. निरीक्षणे टोळीगणिक वेगळी असतील, एखादे खोडून पुन्हा लिहिलेले असेल, एखाद्या मुलीने ‘आमचे बी रुजले नाही’ असे लिहून पुढे कारण शोधण्याचा प्रयत्न केला असेल, तर त्या वर्गात थोडा अधिक वेळ बसावे.