बारा तासांची अट : ‘ट्राली’च्या नव्या व्याख्येचे परीक्षण

मोठ्या प्रमाणावर रक्त दिल्यानंतर रुग्णाचे फुफ्फुस बिघडले, तर दोष कशाचा, हा प्रश्न जुना आहे. व्हिएतनाम युद्धातील जखमींच्या अनुभवानंतर संशय साठवणीच्या रक्तावर गेला. पिशवीत बिंबाणू व श्वेतपेशी यांचे सूक्ष्म पुंजके बनतात, नेहमीची १७० ते २०० मायक्रॉनची गाळणी ते अडवीत नाही आणि ते फुफ्फुसाच्या केशवाहिन्यांत अडकतात, अशी ती उपपत्ती होती. परंतु १९६७ मध्ये ॲशबॉ आदींनी तीव्र श्वसनक्लेशाचे जे बारा रुग्ण वर्णिले, त्यांत आघात व संसर्ग हीच कारणे प्रामुख्याने होती. पुढे १९८५ मध्ये पॉपॉव्स्की व मूर यांनी दात्याच्या रक्तातील श्वेतपेशीविरोधी प्रतिपिंडांकडे लक्ष वेधले. अशी प्रतिपिंडे गर्भधारणा झालेल्या स्त्रियांच्या रक्तात अधिक आढळतात. म्हणून ब्रिटनने २००३ पासून मुख्यत्वे पुरुष दात्यांचा प्लाझ्मा वापरण्यास आरंभ केला, आणि तेथे या विकाराचे प्रमाण घटले.

रक्ताच्या वयाविषयीचा संशय मात्र २०१५ ते २०१७ मधील मोठ्या चाचण्यांत टिकला नाही. ताज्या रक्ताने मृत्यू कमी झाले नाहीत. तथापि त्या चाचण्या मुख्यतः अतिदक्षता विभागातील, हृदयशस्त्रक्रियेच्या व सामान्य कक्षांतील रुग्णांवर झाल्या. एका दिवसात दहा वा अधिक पिशव्या घेणारा रुग्ण त्यांचा प्रमुख विषय नव्हता, हे विसरून चालणार नाही.

या पार्श्वभूमीवर २०१९ ची सुधारित व्याख्या पाहावी. ‘संभाव्य ट्राली’ हा संदिग्ध वर्ग तिने काढून टाकला, हे तिचे श्रेय होय. आता पहिल्या प्रकारात श्वसनक्लेशाचे अन्य कारण नसलेले रुग्ण येतात. दुसऱ्या प्रकारात असे कारण असलेले, परंतु रक्त देण्यापूर्वी बारा तास श्वसन स्थिर असलेले रुग्ण येतात. रक्त चालू असताना वा नंतरच्या सहा तासांत विकार उद्भवणे दोन्हींत आवश्यक आहे.

येथेच आमचा आक्षेप आहे. सीवूड्समधून जाणाऱ्या पाम बीच मार्गावर अपघात झाला, अशी कल्पना करावी. ओटीपोटाची हाडे मोडलेला जखमी तासाभरात रुग्णालयात येतो आणि चार तासांत त्याला वीस पिशव्या द्याव्या लागतात. आघात हे अन्य कारण असल्याने पहिला प्रकार त्याला लागू होत नाही. बारा तासांपूर्वी तो धडधाकट होता, पण त्याची नोंद कोणाजवळ असणार? म्हणून दुसराही प्रकार निसटतो. सहा तासांच्या मर्यादेत तर सर्वच पिशव्या बसतात. त्यांतील कोणती दोषी, हे ती मर्यादा सांगत नाही. ज्याला रक्त सर्वाधिक मिळाले, त्याच्याच बाबतीत व्याख्या मौन धरते.

हा केवळ शब्दांचा वाद नव्हे. निदान ‘आघातजन्य श्वसनक्लेश’ असे लिहून प्रकरण मिटले आणि रक्तपेढीला वर्दी गेली नाही, तर दात्याची तपासणी होत नाही. त्याच दात्याचा प्लाझ्मा उद्या दुसऱ्या रुग्णाला, कदाचित बाळंतपणात रक्तस्राव झालेल्या स्त्रीला, दिला जाईल. भारतात १० डिसेंबर २०१२ रोजी रक्तसंक्रमण-दक्षता कार्यक्रम सुरू झाला. पण त्याची नोंदही खाटेजवळच्या वैद्याने प्रपत्र भरले तरच होते.

व्याख्या टाकून द्यावी, असे आमचे म्हणणे नाही. स्थिरतेची अट काढली, तर प्रत्येक जखमी फुफ्फुसाचे खापर रक्तावर फुटेल, हेही खरे. मात्र तातडीच्या रुग्णासाठी बारा तासांऐवजी पहिल्या पिशवीपूर्वीची स्थिती प्रमाण मानावी. त्या वेळचे प्राणवायूचे प्रमाण, शक्य असल्यास छातीचे क्षचित्र, आणि प्रत्येक पिशवीचा क्रमांक व वेळ लिहून ठेवावी. द्रवभाराने झालेली सूजही वेगळी तपासावी. निर्णय अनिश्चित राहिला तरी वर्दी द्यावी. कारण निदानाची खात्री आणि दात्याची चौकशी या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिलीसाठी दुसरी थांबवणे शास्त्रालाही धरून नाही आणि रुग्णाच्या हिताचेही नाही.