'गरम हवा' आणि प्रास्ताविकाचे दोन शब्द

अभिजात चित्रपटाच्या खेळाआधी एखाद्या नामवंत माजी राजदूताला प्रास्ताविकासाठी बोलवायचे, ही शहरी रीत. डहाणू-तलासरीकडच्या आम्हा शिक्षकांना तिचे वावडे नाही. उद्या चारोटीत असा खेळ लागला तर आम्ही मुलांना घेऊन पुढच्या रांगेत बसू. प्रश्न एवढाच, की वक्त्याने बोलावे काय? एम. एस. सथ्यू यांच्या 'गरम हवा'बाबत तर तो टाळताच येत नाही.

१९७३ साली पुरा झालेला हा चित्रपट तणाव माजेल या भीतीने सेन्सॉरकडे अडकला आणि १९७४ मध्ये पडद्यावर आला. त्या वेळी माहिती व नभोवाणी खात्याचे मंत्री होते इंद्रकुमार गुजराल. ते स्वतः झेलमचे, फाळणीत वतन सुटलेले. पुढे १९७६ ते १९८० या काळात मॉस्कोत भारताचे राजदूत. ज्या चित्रपटाची सरकारी यंत्रणेला धास्ती वाटली, त्यालाच राष्ट्रीय एकात्मतेचा पुरस्कार मिळाला. आमची तक्रार इथूनच सुरू होते.

एकात्मतेचा शिक्का बसला की सलीम मिर्झा हा 'चांगला मुसलमान' ठरतो. राहिला तो आपला, गेला तो परका! चित्रपट असे म्हणत नाही. इस्मत चुगताईंच्या कथेवरून कैफी आझमी आणि शमा झैदी यांनी लिहिलेली पटकथा माणसांची अशी वाटणी करत नाही. आग्र्याचा हा जोड्यांचा कारखानदार भाषणांनी नव्हे, कागदांनी घेरला जातो. हवेली थोरल्या भावाच्या नावावर. भाऊ पाकिस्तानात गेला आणि हवेली सरकारजमा झाली. कर्ज मागावे, तर हाही उद्या निघून जाईल ही शंका आड येते. अमीनासाठी परतलेला काझिम कागदपत्रांविना पकडला जातो.

माजी राजदूताचे ज्ञान इथे खरोखर कामी येईल. १९४८ ची परमिट पद्धत, १९५० चा निर्वासितांच्या मालमत्तेचा कायदा, १९५२ चे पासपोर्ट, हे त्यांनी दहा मिनिटांत समजावून सांगावे. आमच्या मुलांच्या पुस्तकात फाळणी एका तारखेत संपते. ती पुढे कितीतरी वर्षे कचेऱ्यांतून चालू राहिली, हे त्यांना कोण सांगणार?

चित्रपटात उणे काहीच नाही, असेही नाही. शेवटी सलीम मिर्झा आणि सिकंदर टांग्यातून उतरून मोर्चात सामील होतात. बलराज साहनींचा चेहरा तिथे जे सांगतो, ते कुठल्याही भाषणाने साधणार नाही. चित्रपट लोकांपुढे येण्याआधीच, १३ एप्रिल १९७३ रोजी, ते वारले. फारूख शेखचा सिकंदरही पहिल्याच भूमिकेत मनात ठसतो. पण बेगमला कोणी विचारले? जायचे ठरले ते पुरुषांनी, राहायचे ठरले तेही पुरुषांनी. दोनदा फसलेली अमीना तर जीव देऊन मोकळी झाली. तिचे दुःख मोर्चात कुठेच नाही. आम्हांस हा शेवट घाईचा वाटतो.

याउलट वृद्ध दादीअम्मा पाहा. नवरी म्हणून ज्या घरात आली ते सोडायला ती तयार नाही. तिला देशांशी देणेघेणे नाही, उंबऱ्याशी आहे. बदर बेगम यांनी हे जिवंत केले आहे.

'तुम्ही इथे का राहिलात?' हा प्रश्न आमच्या मुलांना आजही कधी थट्टेत, कधी रागात ऐकावा लागतो. त्याला सलीम मिर्झाचा मोर्चा हे एक उत्तर आहे, आणि दादीअम्माचा उंबरा हे दुसरे. आमच्या मते दुसरे अधिक खरे. कारण आपल्या घरात राहायला कारण द्यावे लागत नाही. वक्त्याने प्रास्ताविक जरूर करावे. मात्र खेळ संपल्यावर लगेच गाडीत न बसता थोडे थांबून मुलांचेही ऐकावे.